संगणक बंद करून चालू केला की नम लॉक विसरतो. कॅप्स आणि स्क्रोल लॉकचं काय करता?

आकडेमोड

माझं काम आकड्यांचं. कागदावरची बिलं बघायची आणि नंबर पॅडवरून रकमा भरत जायचं. नजर कागदावर, उजवा हात पॅडवर. स्क्रीनकडे दर दहा-बारा नोंदींनी एकदा बघते, तेही ओळ चुकली नाही ना एवढ्यापुरतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात आपोआप चालतो आणि चुका फार कमी होतात.

गेल्या महिन्यात संगणक नव्याने लावून घेतला. डेस्कटॉपच आहे, वर लिनक्स, त्यात एक्सएफसीई हा डेस्कटॉप (खिडक्या, मेन्यू, सेटिंग्ज दाखवणारा थर). तेव्हापासून रोज सकाळी नम लॉक, म्हणजे पॅडवर आकडे की बाण हे ठरवणारी कळ, बंद मिळतो. आधी वाटलं, एक कळ तर दाबायची, त्यात काय. पण परवा विसरले, आणि काय झालं ते नीट सांगते, कारण "नुसता आकडा उमटत नाही" एवढंच नुकसान असतं असं मलाही तोवर वाटत होतं.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये पहिल्या रकान्यात महिन्याच्या तारखा आधीच भरलेल्या होत्या. रक्कम शेवटच्या रकान्यात. मी टाइप केलं १२७४.८६ आणि एंटर. नम लॉक बंद असल्यामुळे प्रत्यक्षात घडलं ते असं: १ म्हणजे एंड, कर्सर त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात. २ म्हणजे खाली, पुढच्या ओळीत. ७ म्हणजे होम, थेट पहिल्या रकान्यात, तारखेवर. ४ म्हणजे डावीकडे, पण डावीकडे जागाच नाही, म्हणून तिथेच. आणि दशांशचिन्ह म्हणजे डिलीट. पुढच्या ओळीची तारीख गेली. मग ८ ने वर, ६ ने उजवीकडे, एंटरने खाली. पुढच्या रकमेला असंच काहीतरी वेगळं. मान वर केली तेव्हा अकरा तारखा आणि चार जुन्या रकमा पुसल्या गेल्या होत्या. फाइल बंद केली नव्हती म्हणून अनडू करत मागे जाता आलं.

बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताच सगळ्यांत आधी चालणाऱ्या प्रणालीच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघितलं. तिथे "बूटअप नम लॉक" ऑनच आहे. संगणक सुरू केल्यावर कीबोर्डवरचा दिवा लागतोही, पण मध्येच कधीतरी विझतो.

तर दोन प्रश्न. ही अवस्था एका वेळेकडून दुसऱ्या वेळेपर्यंत टिकवायची कशी? आणि कॅप्स व स्क्रोल लॉकही तुम्ही टिकवता का?

सुटं बटण

एक्सएफसीईमध्ये सेटिंग्ज, कीबोर्ड, पहिलाच टॅब. तिथे "सुरू होताना नम लॉकची अवस्था पूर्ववत करा" अशा अर्थाची चौकट आहे. त्यात टिक करा, नम लॉक चालू ठेवून रीतसर लॉगआउट व्हा आणि परत या.

रीतसर हा शब्द महत्त्वाचा. पॉवरचं बटण दाबून धरून बंद केलंत तर नोंद व्हायला वेळच मिळत नाही.

रात्रपाळी

सुटं बटण यांनी सांगितलेलं करून बघाच, पण दिवा मध्येच विझतो याचं कारणही समजून घ्या. ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

बहुतेकांना वाटतं की नम लॉक कीबोर्डमध्ये असतो. तसं नाही. कीबोर्ड फक्त "ही कळ दाबली, ही सोडली" एवढं कळवतो. लॉक चालू की बंद हे संगणकावर जे काही त्या क्षणी राज्य करत असेल ते ठरवतं, आणि मग कीबोर्डला उलट निरोप पाठवतं की दिवा लाव किंवा विझव. जुन्या गोल पिनच्या कीबोर्डला त्यासाठी वेगळी आज्ञा होती, यूएसबीत तो एक छोटा रिपोर्ट असतो. म्हणजे दिवा हा आरसा आहे. मूळ अवस्था दुसरीकडे असते.

आता संगणक सुरू होताना राज्य चार वेळा बदलतं. आधी बायोस किंवा त्याच्या जागी आलेलं यूईएफआय. मग लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा. मग लॉगिन स्क्रीन. मग तुमचं सेशन, म्हणजे लॉगिन केल्यानंतरचं कामाचं सत्र. प्रत्येक जण आल्यावर स्वतःची अवस्था लावतो. आधीच्याने काय ठेवलं होतं ते विचारलंच पाहिजे असं कुणावर बंधन नाही.

तुमचा दिवा बहुधा पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये विझतोय. जुन्या बायोस पद्धतीने बूट होताना कर्नलचा सुरुवातीचा भाग बायोसला विचारतो की कीबोर्डची अवस्था काय आहे, आणि नम लॉकचा बिट चालू असेल तर तो तसाच पुढे नेतो. यूईएफआयमधून बूट झालं की हा विचारायचा टप्पाच येत नाही, जागा रिकामी राहते, आणि रिकामं म्हणजे बंद. म्हणून सेटिंग ऑन असूनही उपयोग होत नाही. तुमचं मशीन बिघडलेलं नाही.

पाहायचं असेल तर पुढच्या वेळी कीबोर्डकडे बघत बसा. निर्मात्याचं चिन्ह दिसतंय तोवर दिवा चालू, कर्नलने सूत्रं घेतली की बंद.

मधली ओळ

ही चार राज्यांची गोष्ट आज पहिल्यांदा कळली. वाचनखूण साठवली आहे.

मुळात ही कळ आली कुठून हेही सांगण्यासारखं आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डला ८३ कळा होत्या आणि बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या. आकडे आणि बाण एकाच जागेवर, म्हणून कुठलं हवं ते सांगायला नम लॉक. गंमत म्हणजे त्या कीबोर्डवर दिवेही नव्हते, ते १९८४ च्या एटीबरोबर आले. नंतर १०१ कळांचा कीबोर्ड आला, बाण आणि होम-एंड वेगळे झाले, आणि नम लॉकचं मूळ कारण संपलं. कळ मात्र राहिली. मॅकच्या मोठ्या कीबोर्डवर त्या जागी क्लिअर असते आणि पॅड कायम आकडेच उमटवतो.

आकडेमोड

सुटं बटण, टिक केली, लॉगआउट केलं, परत आले. नम लॉक चालू! धन्यवाद.

रात्रपाळी, तुम्ही म्हणालात तसंच आहे. आज दिव्याकडे बघत बसले. चिन्ह जाऊन काळ्या पडद्यावर अक्षरं आली त्या क्षणी विझला.

पण लॉगिन स्क्रीनवर अजून बंदच असतो. माझ्या पासवर्डमध्ये आकडे आहेत आणि ते मी पॅडवरूनच टाकते. पासवर्डच्या चौकटीत कर्सर नुसता मागेपुढे उड्या मारतो, मधल्या अक्षरांची जागा बदलते, आणि दिसतात फक्त ठिपके. दोनदा चुकलं की मन घाबरतं, आपण पासवर्ड विसरलो की काय.

सुटं बटण

कारण लॉगिन स्क्रीन हा वेगळाच वापरकर्ता असतो. तुमच्या खात्यातली टिक त्याला दिसत नाही.

एक्सएफसीईबरोबर बहुतेक ठिकाणी लाइटडीएम हा लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम असतो. नमलॉकएक्स नावाचं, नम लॉक चालू-बंद करणारं छोटं पॅकेज बसवा. मग लाइटडीएमच्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलमध्ये सीटच्या विभागात "ग्रीटर सेटअप स्क्रिप्ट" अशी ओळ असते, तिच्यापुढे नमलॉकएक्सचा पूर्ण पत्ता आणि "ऑन". (देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत, शब्दांमध्ये जोडरेघ.) लिनक्स मिंट असेल तर फाइल उघडायचीही गरज नाही. लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये नम लॉक सुरू करण्याचा पर्याय आहे, फक्त नमलॉकएक्स आधी बसवलेलं लागतं.

हिरवा दिवा

विंडोजवाल्यांसाठी लिहून ठेवतो, म्हणजे शोधत येणाऱ्याला इथे मिळेल.

रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे) "एचकी करंट युजर", त्यात कंट्रोल पॅनेल, त्यात कीबोर्ड. तिथे "इनिशियल कीबोर्ड इंडिकेटर्स" नावाची नोंद आहे. कॅप्सचा १, नमचा २, स्क्रोलचा ४, आणि जे हवेत त्यांची बेरीज. फक्त नम लॉक हवा तर २. ही तुमच्या खात्याची नोंद, आणि लॉगऑफ होताना त्या वेळची अवस्था तिच्यात लिहिली जाते.

साइन-इनचा पडदा मात्र "एचकी युजर्स" खालच्या "डॉट डिफॉल्ट" मधली त्याच नावाची नोंद वाचतो. विंडोज ८ नंतर तिथे बरेचदा २१४७४८३६४८ असा अवाढव्य आकडा दिसतो. घाबरू नका, त्यातही २ च मिळवायचे: २१४७४८३६५०. बदलण्याआधी ती शाखा एक्सपोर्ट करून ठेवा.

आणि फास्ट स्टार्टअप चालू असेल तर "शट डाउन" हे पूर्ण बंद होणं नसतं. गाभ्याचं सेशन डिस्कवर झोपवून ठेवलेलं असतं आणि तेच उठवलं जातं, त्यामुळे बदल लागू झालाय की नाही याचा भलताच अंदाज येतो. तपासायचं असेल तर रीस्टार्ट करून तपासा, रीस्टार्ट पूर्ण असतो.

कागदपेन्सिल

कॅप्स लॉकबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून लिहितो. मी नकाशे काढतो. त्यावरची सगळी टिपणं, मापांच्या नोंदी, खोल्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहायची पद्धत आहे. दिवसातले सहा-सात तास माझा कॅप्स चालू असतो. "कॅप्स कोण वापरतं" असं लोक म्हणतात तेव्हा वाईट वाटतं.

मला हवंय की सेशन सुरू झालं की कॅप्स चालू मिळावा. लिनक्सच आहे माझंही. एक्सडूटूलने कॅप्सची कळ दाबल्यासारखं करायचं, अशी ओळ ऑटोस्टार्टमध्ये (लॉगिन होताच आपोआप चालणाऱ्या गोष्टींच्या यादीत) टाकली आहे. कधी चालतं, कधी बरोबर उलटं होतं. का?

रात्रपाळी

कारण तुम्ही अवस्था नेमत नाही, कळ दाबताय. कळ दाबणं म्हणजे आहे ते उलटं करणं. आधी बंद असेल तर चालू होईल, आणि काही कारणाने आधीच चालू असेल (लॉगिन करताना तुमच्याच हाताने दाबला गेला, किंवा ती ओळ दोनदा चालली) तर बंद होईल. स्क्रिप्टमधून लॉक हाताळताना हा एकच नियम पाळा: आधी विचारा, मग गरज असेल तरच दाबा. "एक्ससेट क्यू" ही आज्ञा तिन्ही लॉकची अवस्था छापते. त्यातली कॅप्सची ओळ बघून ऑफ असेल तरच एक्सडूटूल चालवा.

नमलॉकएक्समध्ये ही भानगड नाही, कारण त्यात ऑन, ऑफ आणि टॉगल वेगवेगळे आहेत. विंडोजवर ऑटोहॉटकी वापरत असाल तर तिथेही अवस्था नेमून देणारी आज्ञा आहे, "कायम चालू" सुद्धा करता येतं.

एक इशारा. "एक्ससेट लेड" अशी आज्ञाही दिसेल. ती फक्त दिवा लावते, लॉक लावत नाही. काहींनी ती वापरून "दिवा लागतो पण अक्षरं लहानच येतात" असं विचारलेलं मी पाहिलं आहे. आरशावर टिकली लावून कपाळाला लागत नाही.

आणि कॅप्स सेशनमध्ये चालू करणं ठीक, पण लॉगिन स्क्रीनवर कधीही टिकवू नका. नम लॉकने पासवर्ड बिघडला तर निदान कर्सर हलताना दिसतो. कॅप्सने बिघडला तर ठिपके अगदी हवे तेवढेच दिसतात. बरेच लॉगिन पडदे इशारा देतात, सगळे देत नाहीत.

कागदपेन्सिल

आधी विचारून मग दाबण्याची युक्ती केली. चार वेळा लॉगआउट-लॉगिन केलं, चारही वेळा चालू. मनापासून आभार. दोन वर्षं मी ते नशिबावर सोडलं होतं.

आकडेमोड

माझी आता नवीन अडचण. लॉगिन स्क्रीनवर नम लॉक चालू मिळतोय, छान. पण आज सकाळी सेशनमध्ये तो पुन्हा बंद! टिक जागेवर आहे. मग आठवलं. काल संध्याकाळी एक लांबलचक तक्ता बघताना उजव्या हाताने वर-खाली जायला सोपं म्हणून नम लॉक मुद्दाम बंद केला होता आणि तसाच संगणक बंद केला.

म्हणजे त्याने जे सांगितलं तेच केलं. शेवटची अवस्था लक्षात ठेवली. चूक त्याची नाही. पण मला तर हे नको होतं.

रात्रपाळी

इथे तुम्ही मुद्द्याच्या गाभ्यावर आलात. लक्षात ठेवणं वेगळं आणि नेमून देणं वेगळं. आपण बोलताना दोन्हीला "सेटिंग टिकवणं" म्हणतो, म्हणून गोंधळ होतो.

केडीई या दुसऱ्या एका डेस्कटॉपमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये नम लॉकसाठी तीन पर्याय आहेत: सुरू होताना चालू कर, बंद कर, आहे तसं राहू दे. म्हणजे नेमून देणं, किंवा हात न लावणं. तिथला लॉगिन पडदा एसडीडीएम असेल तर त्याच्या कॉन्फमध्ये नम लॉकची वेगळी ओळ, ऑन, ऑफ किंवा नन. ग्नोम या आणखी एका डेस्कटॉपमध्ये दोन नोंदी शेजारी शेजारी आहेत, एक नम लॉकची अवस्था आणि दुसरी "अवस्था लक्षात ठेवायची का". जीसेटिंग्ज या आज्ञेतून बघता येतात, डेस्कटॉपच्या पेरिफेरल्समध्ये कीबोर्डखाली. एक्सएफसीईची ती चौकट मात्र पूर्ववत करण्याची, म्हणजे लक्षात ठेवण्याची.

माझं स्पष्ट मत: ज्याचं काम आकड्यांचं आहे त्याने लक्षात ठेवण्यावर विसंबू नये. चौकटीतली टिक काढा. "सेशन आणि स्टार्टअप" मध्ये ऑटोस्टार्टच्या यादीत "नमलॉकएक्स ऑन" घाला. मग काल संध्याकाळी काय केलं याच्याशी आजच्या सकाळचा संबंध उरत नाही.

मधली ओळ

पूर्ण सहमत. मला तर वाटतं सगळ्या संगणकांवर नम लॉक कायमचाच चालू असावा. बाण वेगळे आहेतच. लिनक्सच्या कीबोर्ड पर्यायांत "नंबर पॅड नेहमी आकडेच उमटवेल, मॅकसारखा" असा पर्याय आहे, तोच सरसकट द्यावा. कार्यालयात सामायिक मशीनवरही तेच करावं, कुणाला प्रश्नच पडणार नाही.

कानगोष्ट

मला पडेल. मी पडदावाचक (पडद्यावरचं बोलून सांगणारा प्रोग्राम) वापरतो, मला स्क्रीन दिसत नाही.

एनव्हीडीए हा माझा पडदावाचक. त्याच्या डेस्कटॉप मांडणीत नंबर पॅड म्हणजे माझे डोळे आहेत, आणि तो चालतो नम लॉक बंद असतानाच. ८ दाबला की चालू ओळ वाचली जाते, ७ ने आधीची, ९ ने पुढची. ४, ५, ६ वर शब्द. १, २, ३ वर अक्षरं. ० ही इन्सर्ट म्हणून त्याच्या आज्ञांची मुख्य कळ. लिनक्सवरच्या ऑर्का या पडदावाचकातही पॅडचा असाच उपयोग होतो.

आता सामायिक मशीनवर कुणीतरी लॉगिन पडद्यासाठी नम लॉक नेमून ठेवला आहे अशी कल्पना करा. मी पासवर्डच्या चौकटीत आहे. कुठे आहे ते ऐकावं म्हणून ८ दाबतो. ओळ वाचली जाण्याऐवजी चौकटीत एक आकडा जातो आणि मला "स्टार" असं ऐकू येतं. पुन्हा दाबतो, पुन्हा स्टार. तुम्हाला दिवा दिसतो. मला दिवा नाही. नम लॉकची कळ दाबली की चालू झाला की बंद हे एनव्हीडीए सांगतो, पण ते दाबल्यानंतर. दाबण्याआधी तो कुठल्या अवस्थेत मिळणार याचा भरवसा मला हवा असतो, अगदी आकडेमोड यांना हवा असतो तसाच. फक्त उलटा.

म्हणून विनंती आहे: आपल्या खात्यात हवं ते नेमा. सगळ्यांच्या दारावर, म्हणजे लॉगिन पडद्यावर, नेमण्याआधी त्या दारातून आणखी कोण येतं ते विचारा.

विंडोज वापरणाऱ्या सर्वांसाठी एक उपयोगी गोष्ट: "टॉगल कीज" ही सोय चालू केली की कॅप्स, नम, स्क्रोल यांपैकी काहीही चालू होताना उंच सूर वाजतो आणि बंद होताना खालचा. ज्यांच्या कीबोर्डवर दिवेच नाहीत त्यांनाही हे कामी येईल.

मधली ओळ

कानगोष्ट, तुमचा प्रतिसाद वाचून माझं वरचं "सरसकट" मागे घेतो. हा विचारच मनात आला नव्हता. मला नंबर पॅडचा असा उपयोग होतो हेच माहीत नव्हतं.

आकडेमोड

कानगोष्ट, फार बरं झालं लिहिलंत. आमच्या कामाच्या ठिकाणचा संगणक दोन पाळ्यांत दोघी वापरतो, आणि घरच्यासारखीच लॉगिन पडद्याची ओळ तिथेही घालायची मी ठरवलं होतं. आज दुसऱ्या पाळीच्या ताईंना विचारलं. त्या नजरेने नीट बघू शकतात, पण मनगटाच्या दुखण्यामुळे माउसच्या जागी नंबर पॅड वापरतात, माउस कीज. त्यांना नम लॉक बंद लागतो. मी न विचारता बदललं असतं तर त्यांची सकाळ माझ्या परवाच्या सकाळसारखी झाली असती.

म्हणून तिथे लॉगिन पडद्याला हात लावला नाही. माझ्या खात्याच्या ऑटोस्टार्टमध्ये "ऑन", त्यांच्या खात्यात "ऑफ". पासवर्डमधले आकडे मी आता अक्षरांच्या वरच्या आकड्यांच्या ओळीतून टाकते. वरच्या ओळीला नम लॉकशी काही देणंघेणं नाही, हे इतकं साधं मला आधी सुचलं नाही कारण हात सवयीने पॅडकडे जातो.

हिरवा दिवा

लॅपटॉपला बाहेरचा मोठा कीबोर्ड जोडून डेस्कटॉपसारखं वापरणाऱ्यांनीही जपून. वेगळा पॅड नसलेल्या काही जुन्या लॅपटॉपच्या मूळ कीबोर्डवर अक्षरांतच पॅड दडलेला असतो. नम लॉक चालू राहिला की यू-आय-ओच्या जागी ४-५-६, जे-के-एलच्या जागी १-२-३ आणि एमच्या जागी ० उमटतो. बाहेरचा कीबोर्ड काढून ठेवला आणि लॅपटॉप तसाच उघडला तर पासवर्ड कितीही काळजीपूर्वक टाकला तरी चुकतो. अशा मशीनवर नेमून देऊ नका.

खारूताई

स्क्रोल लॉक राहिलाच की!

एक्सेलमध्ये तो चालू असला तर बाणांनी सेल बदलत नाही, सगळा तक्ताच सरकतो. तो चुकून चालू राहिल्यामुळे लोक तासभर हैराण होतात, त्यामुळे ही अवस्था तरी टिकवायचं काही कारण मला दिसत नाही. मी त्याचा दिवा मात्र वापरते. मी दिवसभर मराठी आणि इंग्रजी आलटून पालटून टाइप करते. लिनक्सच्या कीबोर्ड पर्यायांत "पर्यायी मांडणी चालू असताना स्क्रोल लॉकचा दिवा लावा" असा पर्याय आहे. मराठीवर गेले की तिसरा दिवा लागतो. नजर कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हाकडे न्यावी लागत नाही, दिवा डोळ्यांच्या कडेला जाणवतो. ही निवड डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमधूनच केली असल्याने प्रत्येक सेशनला आपोआप लागू होते.

सुटं बटण

खारूताई, हे फारच आवडलं. आज लावतो.

वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स प्रणालीच्या जागी आलेल्या नव्या प्रणालीवर) गेलेल्यांसाठी एक भर: नमलॉकएक्स हे एक्सचं हत्यार आहे, वेलँडवर त्याचा भरवसा धरू नका. तिथे कीबोर्डची मालकी कंपोझिटरकडे, म्हणजे खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रामकडे, असते. केडीई, ग्नोम आपापल्या सेटिंगमधून करतात. स्वे या कंपोझिटरमध्ये कीबोर्डच्या इनपुट विभागात नम लॉक "एनेबल्ड" अशी ओळ, कॅप्ससाठीही तशीच वेगळी ओळ. हायपरलँड या दुसऱ्या कंपोझिटरमध्ये "नमलॉक बाय डिफॉल्ट" ट्रू. दोन्ही नेमून देण्याच्या जातीतले आहेत. नुसत्या काळ्या कन्सोलवर काम करणाऱ्यांसाठी सेटलेड्स ही आज्ञा.

आकडेमोड

घरचा निकाल लिहिते. चौकटीतली टिक काढली, ऑटोस्टार्टमध्ये "नमलॉकएक्स ऑन" घातलं. नम लॉक मुद्दाम बंद करून संगणक बंद केला आणि पूर्ण थंड होऊ देऊन पुन्हा सुरू केला. असं तीन दिवस केलं. तिन्ही सकाळी सेशनमध्ये चालू.

एकच जागा उरली आहे. माझी डिस्क कूटबद्ध आहे, तिचा सांकेतिक शब्द कर्नल सुरू झाल्यावर लगेच विचारला जातो, लॉगिन स्क्रीनच्याही आधी. तिथे नम लॉक बंदच असतो.

रात्रपाळी

तिथे तुमचं सेशन काय, लाइटडीएमही अजून जन्मलेला नसतो, त्यामुळे वरचा एकही उपाय लागू पडत नाही. कर्नलबरोबर सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइल-संचातच नम लॉक चालू करणारा तुकडा घालावा लागतो. आर्च या लिनक्सवर त्यासाठी तयार हुक, म्हणजे तसा तुकडा, मिळतो. पण चूक झाली तर संगणक सुरूच होणार नाही अशी ती जागा आहे, आणि तुम्हाला तो शब्द दिवसातून एकदाच टाकायचा असतो. मी तुमच्या जागी असतो तर तिथे हात लावला नसता.

आकडेमोड

नाही लावत. तिथेही वरची ओळ. आज सकाळपासून दोनशे नोंदी झाल्या, मान वर न करता. तारखा सगळ्या जागेवर आहेत.